सहाशे ग्रॅम

जूनच्या दहा तारखेला अंगणवाडीच्या काट्यावर माझी ईशू सहा किलो सहाशे भरली. मे महिन्यात ती सात किलो दोनशे होती.

अंगणवाडीसेविका यशोदाकाकूंनी आधी काट्याकडं पाहिलं, मग कार्डाकडं, मग माझ्याकडं. हुकाला टांगलेल्या झोळीत ईशू पाय हलवत होती आणि झोळी गर्रकन फिरली की खुदकन हसत होती. दहा महिन्यांची पोर. खालचे दोन दात आलेत, वरचा एक डोकावतोय, आणि हसताना ती तो वरचा एकटा दात सगळ्या जगाला दाखवते.

"पुन्हा बघा ना काकू," मी म्हणाले.

त्यांनी ईशूला काढलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा बसवलं. सहा सहाशे.

"येका महिन्यात सहाशे ग्राम उतरली गं! कार्डावर हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात आली. जुलाब झाले का? ताप?"

"काहीच न्हाई."

"मग खायला काय देऊन राहिलीस?"

"सगळं देते."

"सगळं म्हंजे?"

ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. त्या ऐकतायत हे पाठीला कळत होतं. काकूंनी कार्डावर ठिपका दिला, मागच्या ठिपक्याशी जोडला, आणि तीन महिने वर चढत आलेली रेघ एकदम खाली आली.

"अहमदपूरला दवाखान्यात दाखवून आण," कार्ड हातात देत त्या म्हणाल्या. "आन् गीता, ते आशाच्या जागेचं बी जरा थांबीव. आधी आपलं लेकरू बघावं माणसानं."

त्या असं म्हणाल्या नसत्या तर मी सरळ दवाखान्यात गेले असते.

आमच्या गावच्या जुन्या आशाताई मुलाकडं लातूरला राहायला गेल्या आणि त्यांची जागा मोकळी झाली. महिनाअखेरच्या ग्रामसभेत नवीन नाव ठरायचं होतं. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, लेकरांच्या डोसांच्या तारखा सांगायच्या, कुणाला काय खायला द्यायचं ते घरोघर जाऊन समजावायचं, असं ते काम. दोन नावं आली होती. एक माझं, बारावी पास. दुसरं शिवकन्याचं, तीही बारावी पास. आणि शिवकन्या ही यशोदाकाकूंची सून.

लग्नाला चार वर्षं झाली तरी गावात मी अजून दयानंदची बायको आहे. खांद्याला पिशवी अडकवून दारोदार जावं आणि लोकांनी "गीताताई आल्या" म्हणावं, एवढी साधी हाव मला सुटली होती. आणि ज्या बाईच्या हातात काटा, कार्ड आणि पेन होतं, तिचीच सून माझ्याविरुद्ध उभी होती.

घरी आले. ईशूचा झबला काढून तिला चटईवर निजवलं आणि मनगट, मांडी, बगल, गाल सगळं चाचपून पाहिलं. सहाशे ग्रॅम कुठून गेले असतील? गेल्या महिन्यातलंच झबलं तिला अजून तसंच बसत होतं. तिला वाटलं मी गुदगुल्या करतेय. ती हसत राहिली आणि मी बोटांनी शोधत राहिले.

मग नायगावला आईला फोन लावला.

"आकडा लिहिणारीच्या हातात असतो पोरी," आई म्हणाली. "तिच्या सुनेला जागा पाहिजे, तुझ्या लेकराचं वजन उतरलं. येवढं कळंना का तुला? आन् ते पाकीट दिऊ नको बरं लेकराला. काय काय मिसळून राहिले त्यात, कुणाला ठाव."

पाकीट म्हणजे अंगणवाडीतून मिळणारं पोषण आहाराचं पीठ. ते मी मार्चपासूनच म्हशीला घालत होते. मला काकूंवर संशय यायच्या आधी त्या पिठावर होता.

संध्याकाळी हे आले. अहमदपूरच्या मोंढ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात असतात. ऐकून घेतलं, ईशूला उचलून वरखाली केलं.

"हलकी वाटती का?" मी विचारलं.

"रोज उचलणाऱ्याला काय कळतंय. उद्या दवाखान्यात नेऊ, मग भांड कुणाशी भांडायचं ते."

"काकूंनी मुद्दाम केलं असंल तर?"

"काकू आसं करायची न्हाई गं."

काकू त्यांची चुलती. म्हणजे हेही तिकडचेच, असं मी मनात धरलं. दवाखान्यात नेलं तर तो आकडा मीच खरा मानला असं होईल, असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं, ईशूला झोप लागलीय, नंतर बघू. आणि हे दुकानात गेल्यावर कार्डाच्या मागं लिहिलेल्या नंबरवर सुपरवायझर मॅडमना फोन केला.

"आमच्या अंगणवाडीत वजनं बदलून लिहून राहिल्यात," मी म्हणाले. स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

"नाव सांगा आपलं."

मी सांगितलं.

"शुक्रवारी येते. दुसरा काटा घेऊन येते," मॅडम म्हणाल्या. "तोवर बाळाला दवाखान्यात दाखवलं का?"

"हाव," मी म्हणाले.

ते खोटं होतं.

मधले दिवस मी सगळ्यांकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. नळावर शिवकन्या भेटली, म्हणाली, "ईशू कशी हाय वहिनी?" मला वाटलं, बघा, विचारून घेतीय. सरपंचाच्या घरातल्या वहिनींनी ईशूच्या गालाला हात लावला, तर मी तिला कडेवर फिरवून घेतलं. रात्री दूध पाजताना ती ओढता ओढता थांबायची, माझ्याकडं बघायची आणि पुन्हा ओढायची. माझ्या दुधालाच काही झालंय का, असाही संशय आला. स्वतःच्या अंगावरचा संशय सगळ्यांत वाईट. त्याची कुणाकडं तक्रार करणार.

गुरुवारी सकाळी न राहवून मी ईशूला घेऊन मन्मथअप्पांच्या किराणा दुकानात गेले. त्यांच्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा आहे, साखर-शेंगदाणे तोलायचा.

"अप्पा, लेकरू तोलून देता का?"

"किलोनं द्यायचं का पावशेरनं?" अप्पा हसले, पण माझं तोंड बघून त्यांनी मुकाट्यानं ताट पुसलं, वर पोतं अंथरलं आणि काटा शून्यावर आणला. मी ईशूचं झबलं काढून तिला बसवलं. ती लगेच पोत्याची दशी तोंडात घालायला वाकली. आकडे पळाले आणि थांबले. सहा किलो सहाशे वीस.

"बराबर हाय आमचा काटा," अप्पा म्हणाले. "परवाच वजनमापवाल्यांकडून शिक्का मारून घेतलाय."

म्हणजे काकूंनी जूनचा आकडा खरा लिहिला होता. मग मार्च, एप्रिल आणि मे? तेव्हा जास्त लिहिले असतील? आपल्या अंगणवाडीत एकही लेकरू पिवळ्यात नाही असं वर दाखवायला? संशय गेला नाही. त्यानं फक्त महिना बदलला.

दुपारी आत्या, म्हणजे सासूबाई धोंडामाय, शिरूर अनंतपाळहून परत आल्या. आठ दिवस त्या लेकीकडं होत्या. फेब्रुवारीपर्यंत ईशू नायगावला माझ्या माहेरीच होती; त्यानंतर दरवेळी वजनाला तिला त्याच न्यायच्या, कारण अंगणवाडीच्या ओट्यावर चार बायका भेटतात, बोलणं होतं. या महिन्यात त्या नव्हत्या म्हणून मी गेले होते.

त्यांना पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. काकूंचा आकडा, मॅडमना केलेला फोन, मन्मथअप्पांचा काटा. फोनचं ऐकताना आत्या पाणी पीत राहिल्या. किराणा दुकानाचं ऐकून मात्र त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मोकळ्या अंगानं बसविलंस? साखरीच्या काट्यावर?"

"झबलं काढल्याबिगर वजन कसं कळंल आत्या?"

"आन् अंगणवाडीत?"

"तिथं बी. दुपटं सुद्धा नेलं नव्हतं, ऊन किती व्हतं."

त्या उठल्या. ईशूला उचलून छातीशी धरलं, तिच्या तळपायांना तीट लावल्यासारखी बोटं फिरवली. माझ्याकडं बघायला तयार नव्हत्या.

"काय झालं आत्या?"

"काय न्हाई."

"मला सांगा."

"तराजूत लेकरू येकटं बसवायचं नसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "घरची चांदी संगं बसवायची असती."

मला काही कळेना. मग त्यांनी ईशूला माझ्याकडं दिलं, आतल्या खोलीत गेल्या आणि पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. त्यांचे पायातले तोडे. पाय सुजायला लागल्यापासून त्यांनी घातलेले नव्हते. मी एक उचलून पाहिला, हात खाली आला.

"हे? झोळीत?"

"दुपट्यात गुंडाळून. तिच्या पाठीमागं." आत्यांचा आवाज एकदम लहान झाला. "माझा पैला पोरगा व्हता, दगडोबा. तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. जत्रंत नवस फेडायला गुळाच्या भारानं तोलला त्याला. उघडाबोडका बसविला पारड्यात. लोकं बघून राहिले, कसं गुटगुटीत हाय म्हणून. महिन्यात गेला, तापानं. माझी सासू म्हनली, संगं चांदी ठिवली असती तर नजर चांदीवर पडली असती. तवापासून मी कुनाचं लेकरू मोकळं तोलू दिलं न्हाई. तुझा नवरा बी तोड्यांसंगंच तोललाय."

लग्नानंतर चार वर्षांत दगडोबाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. हात मी धरला नाही. तोडे तसेच फडक्यात उचलले आणि ईशूला कडेवर घेऊन पुन्हा मन्मथअप्पांकडं गेले. अप्पांनी या वेळी विनोद केला नाही. पाचशे ऐंशी ग्रॅम भरले. वर दुपटं.

परत येताना हिशेब डोक्यात आपोआप होत गेला. मार्चमध्ये सहा नऊशे लिहिलं होतं, खरं सहा तीनशे. एप्रिलमध्ये सहा पाचशे. मेमध्ये सहा सहाशे. जूनमध्ये सहा सहाशे. ईशू एका महिन्यात उतरली नव्हती. ती चार महिने वाढीत हळूहळू मागं पडत होती आणि शेवटच्या महिन्यात जागेवर थांबली होती. कार्डावरची रेघ वर चढत होती म्हणून मी खुशीत पातळ वरणाचं पाणी पाजत राहिले आणि पीठ म्हशीला घालत राहिले.

रस्त्यातच मी तिच्या केसांत नाक खुपसलं. घामाचा, दुधाचा वास. ती माझ्या कानातलं ओढत होती.

शुक्रवारी मॅडम आल्या. अंगणवाडीच्या ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त बायका होत्या. फोनची बातमी कशी फुटली कुणास ठाऊक. यशोदाकाकू इस्त्रीची साडी नेसून, ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. आत्या कुणी न बोलावता आल्या होत्या आणि खांबाला टेकून बसल्या होत्या.

मॅडमनी नवीन काट्यावर ईशूला बसवलं. सहा सहाशे वीस.

"जूनचं वजन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तक्रार काय होती?"

घरी मी ठरवून ठेवलं होतं, आत्यांचं नाव घ्यायचं नाही. पण नाव घेतलं नाही तर मेचा आकडा काकूंच्या गळ्यात राहणार होता, आणि ईशूचं कार्ड खोटंच राहणार होतं.

"तक्रार चुकली माझी," मी म्हणाले. "पण आधीचे तीन आकडे बी चूक आहेत. वजनात चांदी व्हती."

"कसली चांदी?"

"माझी," खांबाजवळून आत्या म्हणाल्या. "माझे तोडे व्हते म्याडम. दुपट्यात."

ओट्यावर हशा फुटला. "धोंडामाय, मला बी बसव की झोळीत तोड्यांसंगं, माझं बी वाढंना झालंय!" कुणीतरी म्हणालं. आत्यांनी पदर पुढं ओढला. मी त्या बाईकडं असं पाहिलं की ती गप्प बसली.

मॅडम हसल्या नाहीत. काकूंकडं वळल्या. "तुम्हाला दिसलं नाही?"

"दुपटं जड लागायचं," काकू म्हणाल्या. "थोरली जाऊ हाय माझी. तिचा दगडोबा माझ्या डोळ्यांसमोर गेलाय. काढ म्हनायला जीभ रेटली न्हाई."

"मग वजा तरी करायचं."

"अंदाजानं कसं वजा करू? काट्यावर दिसंल तेच लिहायचं, असं तुमीच ट्रेनिंगला सांगितलं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग बराच वेळ त्या काकूंना बोलल्या, बायकांसमोरच, आणि काकू ऐकत राहिल्या. नवीन कार्ड काढलं, आधीच्या तीन आकड्यांपुढं शेरा लिहिला. मला म्हणाल्या, आजच्या आज अहमदपूर. आणि दवाखान्यात दाखवलं असं फोनवर म्हणाला होतात ना? मी मान खाली घातली.

निघताना मी काकूंना कोपऱ्यात गाठलं.

"काकू, एक विचारू? दहा तारखेला दुपटं नव्हतं. सहाशे कशानं कमी झालं ते तुम्हाला तिथंच कळलं असंल की. तरी सगळ्यांसमोर 'उतरली' म्हणालात."

काकू वजनाच्या झोळीची घडी घालत होत्या. घडी नीट बसेना, पुन्हा उलगडली.

"घाईत ध्यानात आलं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

खरं असेल. नसेलही. शिवकन्या तेव्हा दारात उभी होती आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली. मी अजून त्या वळवलेल्या नजरेचा अर्थ लावते आणि दरवेळी वेगळा लागतो.

अहमदपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईशूला नीट तपासलं. आजार काही नव्हता. पोटात जातं ते पुरत नाही, म्हणाले. पाणी पाणी देऊ नका, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट द्या. भात-वरण कुस्करून, त्यात चमचाभर तूप नाहीतर तेल. शेंगदाण्याचं बारीक कूट. अंगणवाडीचं पीठ भाजून, शिजवून. आणि दूध सोडून दिवसातून पाच वेळा. पोट एवढंसं असतं, म्हणाले, आणि ईशूची मूठ धरून दाखवली. परत येताना एसटीत ह्यांनी विचारलं, "अकरा तारखेलाच आलो असतो तर?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ग्रामसभा झाली. मी नाव मागं घेतलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "आपल्या घरातलं दिसंना, गावाला काय सांगणार?" हात वर झाले, मोजले. शिवकन्याला जास्त. आत्यांनी माझ्यासाठी दोन्ही हात वर केले होते, तर ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, एकच धरतो हं." मी हसले. घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत थोडी रडले.

त्यानंतर दहाव्या दिवशी दुपारी दाराशी शिवकन्या आली. नवी कोरी पिशवी खांद्याला, हातात वही. पिवळ्यातल्या लेकरांच्या घरी आधी जायचं असतं म्हणाली.

मी तिला आत घेतलं, पण पाणी द्यायला उठताना तिच्यावर नजर ठेवली. ती काय काय बघतेय? चुलीजवळचं पातेलं? गोठ्यातली म्हैस? सगळं जाऊन सासूला सांगणार का? ईशू जमिनीवर बसून वाटी उलटी करून बडवत होती. शिवकन्या तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिच्या बडवण्यावर मान हलवू लागली.

"कसं खाती वहिनी?"

"खाती."

"घट्ट देऊन राहिलात ना?"

"हाव. तूप घालून."

"दिवसातून किती वेळा होतंय?" तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"पाच," असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिची वही, तिचं पेन, तिची सासू. गावाला दिसू दे की गीता कशी सांभाळते लेकराला. ईशूनं वाटी सोडून शिवकन्याचं पेन धरलं, आणि ते ओढायला वाकली तशी पाठीच्या मणक्यांची रांग झबल्यातून दिसली, एक एक.

"तीन वेळा," मी म्हणाले. "सकाळी रानात जायच्या आधी जमत न्हाई. आन् संध्याकाळी ती लवकर झोपती."

शिवकन्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही.

"मग सकाळचं पीठ रात्रीच भाजून ठिवू," ती म्हणाली, आणि ईशूच्या मुठीतून पेन हळूच सोडवून तिनं वहीत तीन लिहिलं.